उसना चाफा

आपांची आठवण झाली की मला आधी राग येतो. आदर, माया वगैरे मागून येतात, पण पहिला मान रागाचा. धाराशिवात ज्याला म्हणून एखादं फूल जन्मभर जपायचं असे तो आपांचं दार वाजवायचा, आणि आपा ते फूल वाळूत वाळवून, एक पाकळीही न दुमडता परत द्यायच्या. कुणाकुणाची फुलं त्यांनी अशी राखून दिली याला गणती नाही. त्या बाईनं माझ्या वडिलांचं एकच एक फूल वाळवायला साफ नकार दिला. दारात गाडी उभी होती, वर वडिलांना पांढऱ्या चादरीत गुंडाळत होते, आणि ह्या बाई जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून मला सांगत होत्या, "न्हाय वाळवणार." पुढं आपा भाच्याकडं लातूरला गेल्या आणि तिथंच वारल्या. तरी तो "न्हाय" माझ्या कानात अजून तसाच आहे.

पण एकदम तिथं जाऊन चालणार नाही. आपा काय चीज होती ते कळलं नाही तर त्या नकाराचं वजनही कळायचं नाही.

मी त्यांची भाडेकरू. धाराशिवला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली. उपाशीपोटी रक्त द्यायला लोक पहाटेच दारात येऊन बसतात, तेव्हा येडशीहून रोज वेळेवर पोचणं काही जमेना. म्हणून खोली शोधायला निघाले. एकटी बाई खोली मागायला गेली की काय काय विचारतात ते मला पाठ झालं होतं. आडनाव विचारतात, आडनावावरून जात कळली नाही तर गाव विचारतात, मग नवरा, मग मटण खाता का. सगळी उत्तरं जिभेवर ठेवून मी आपांच्या ओट्यावर जाऊन बसले. आपांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "फोडणी दिवसातून किती बार देती?"

मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी आले.

"कुकरला शिट्ट्या किती लावती? कपडे कुठं वाळत घालणार? कूलर हाय तुझ्याकडं?"

कूलर नव्हता. "घेणार बी न्हाईस, असं कबूल कर," त्या म्हणाल्या. मी कबूल केलं, कारण महिना थंडीचा होता. मे महिन्यात त्या कबुलीचा अर्थ कळला. धाराशिवच्या उन्हाळ्यात कूलरशिवाय वरच्या मजल्यावर राहणं म्हणजे तव्यावर संसार मांडणं. पण आपांना ओल चालायची नाही. कूलरची ओली हवा नको, फोडणीची तेलकट वाफ नको, अंगणात पिळलेली साडी नको. घराच्या मधल्या खोलीत त्यांचे डबे असायचे, आणि त्या डब्यांपुढं माणसांचा नंबर दुसरा.

त्या उर्दू शाळेत मास्तरीण होत्या आणि मी गेले तेव्हा रिटायर होऊन बसल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही हे विचारायची छाती अख्ख्या गल्लीत कुणाची नव्हती. उंच, हडकुळ्या, डोक्यावर पांढरी ओढणी, चष्म्याला बांधलेला काळा दोरा आणि दाढेत कायम एक लवंग. त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीणच, म्हणायची.

फुलं वाळवण्याची त्यांची पद्धत साधी होती, पण ती बघताना आपला जीव टांगणीला लागायचा. तेरणेच्या पात्रातली बारीक वाळू आणायची, पाणी निवळ येईपर्यंत धुवायची, उन्हात टाकायची, मग कढईत शेंगदाणे भाजतात तशी भाजायची. निवली की जुन्या ओढणीतून चाळायची. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी वाळूचा थर, त्यावर फूल उभं, आणि मग चमच्यानं पाकळ्यांच्या आतून-बाहेरून एकेक कण सोडत फूल गाडायचं. आतून जास्त पडली तर पाकळी फाकते, बाहेरून जास्त पडली तर मिटते. हे चालू असताना आपा श्वास रोखायच्या. नुसत्या स्वतः रोखायच्या नाहीत, सगळ्या घरानं रोखावा अशी त्यांची अपेक्षा असायची. एकदा नेमक्या त्याच वेळी वर माझ्या कुकरनं शिट्टी मारली. खाली आपांचा हात हलला आणि कुणाच्या तरी लग्नातल्या गुलाबाची पाकळी तुटली. त्या जिना चढून आल्या, कुकरची शिट्टी काढून ओढणीच्या टोकाला बांधली आणि खाली निघून गेल्या. चार दिवस मी डाळ पातेल्यात शिजवली.

डबा उघडायचा दिवस तर त्याहून अवघड. लवकर उघडला तर फूल मान टाकतं, उशीर झाला तर हात लावताच चुरा होतो. आपा वाळू हळूहळू ओतत जायच्या, पहिली पाकळी दिसली की ती नखानं टिचकवून कान लावायच्या. कागदासारखी वाजली तर ठीक. ज्याचं फूल असेल तो समोर स्टुलावर बसलेला. मी कितीतरी लोकांना त्या स्टुलावर घाम फुटलेला बघितलाय.

आणि कुणाचंही फूल त्या घेत नसत. आधी विचारायच्या, "कशाचं फूल हाय?" मग समोरच्यानं सगळं सांगायचं. बेंबळीची एक मुलगी नवऱ्यानं पहिल्यांदा आणलेला मोगऱ्याचा गजरा घेऊन आली होती, आणि नवरा परदेशात पैसे कमवायला निघाला होता. सोनारीकडचा एक माणूस काळभैरवाच्या देवळात कौल लावताना उजवीकडं पडलेलं झेंडूचं फूल रुमालात बांधून घेऊन आला. त्याची आई म्हणत होती की देवाचं फूल निर्माल्य झालं की पाण्यात सोडायचं, घरात ठेवलं तर बरं नसतं. तो बिचारा स्टुलावर बसून पुन्हा पुन्हा विचारत होता, "आपा, पाप तर न्हाय ना लागायचं?"

"मला काय इचारतूस? तुझ्या देवानं दिलंय, त्याला जाऊन इचार," आपा म्हणाल्या आणि फूल वाळूत उभं केलं.

सांगता सांगता लोकांना भरून यायचं. साहजिक आहे, फूल जपायची वेळ माणसावर उगीच येत नाही. पण डोळ्यांत पाणी दिसलं की आपा हात वर करायच्या. "इथं नक्को. इथं रडू नका, वाळू ओली हुती. ओट्यावर जावा, रडून झालं की या."

माणसं उठून ओट्यावर जायची. बायका जायच्या, बापये जायचे, एकदा एक पोलीससुद्धा गेला. तिथं बसून नाक पुसून परत यायची आणि राहिलेलं सांगायची. मला ही तऱ्हा फार निर्दय वाटायची. मी एकदा म्हटलंही, "आपा, दोन थेंबांनी काय होतंय?"

"दोन थेंबानंच हुतंय. बादलीभर पाणी सांडलं तर मला दिसतंय तरी."

नकारही त्या देत. एक पुढारी आपल्या सत्काराचा हार घेऊन आले होते. आपांनी विचारलं, "कुणी घातला हा?" पुढाऱ्याला आठवेना. त्यानं बरोबरच्या माणसाकडं बघितलं, त्यालाही आठवेना. "मग ह्ये नुसतं बाजारातलं फूल हाय," म्हणून आपांनी तो हार त्यांच्या हातात परत दिला. त्या दिवशी मी वर जाऊन उशीत तोंड खुपसून हसले होते. आपांचा नकार अशा लोकांसाठी असतो, अशी माझी समजूत होती.

अंगणात एक पांढऱ्या चाफ्याचं झाड होतं. आपांची आई गेली तेव्हा तिच्या कबरीशेजारच्या चाफ्याची फांदी त्यांनी आणून लावली होती. त्या झाडाला हात लावायचा नाही. गल्लीतल्या बायका पूजेला फुलं मागायच्या, त्यांना आपा गुलाब देत, जास्वंद देत. चाफा मात्र नाही. चाफ्याचं फूल गळून झाडाखालीच पडायचं, तिथंच तपकिरी व्हायचं आणि मातीत जायचं. गावाची फुलं डब्यात घालून राखणारी बाई स्वतःच्या झाडाचं एकही फूल वाळवत नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण विचारायचं कुणी?

मग माझे वडील राहायला आले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. रेल्वेत गँगमन होते. येडशीच्या आसपासच्या रुळांवर उन्हापावसात हातोडा घेऊन चालण्यात त्यांचा जन्म गेला. आई आधीच गेलेली. दादांचं हृदय दमलं होतं. चार पावलं टाकली की धाप लागायची, पायावर सूज यायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता औषधानं दिवस ढकलायचे, एवढंच. मी त्यांना धाराशिवला घेऊन आले, आणि महिना नेमका मे होता.

दुसऱ्याच दिवशी मी हप्त्यावर कूलर आणला. आपांची परवानगी घेतली नाही. बाप तडफडत असताना कसली परवानगी? दुकानाचा माणूस कूलर जिन्यानं वर चढवत होता आणि खाली आपा उभ्या होत्या. मी मनातल्या मनात भांडायच्या तयारीत होते, खोली सोडायचीसुद्धा तयारी होती. आपा वर आल्या. दादा खाटेवर बसून श्वास ओढत होते. आपांनी त्यांच्याकडं बघितलं, कूलरकडं बघितलं.

दादाच म्हणाले, "आपा, ऱ्हाऊ द्या. म्या रुळावर ह्याच्या दुप्पट ऊन खाल्लंय. पोरगी उगं खर्च करती. परत पाठवू."

आपा वळल्या. खाली गेल्या आणि मधल्या खोलीतले डबे एकेक करून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेऊ लागल्या. सगळी दुपार त्या जिना चढत-उतरत होत्या, कुणाला हात लावू देत नव्हत्या. संध्याकाळी घामानं निथळत माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "पत्र्याखाली लौकर वाळतेत. मला आधीच सुचायला पायजे हुतं." आणि मग दादांकडं न बघता, "लाव कूलर."

दादांना पहाटे उठायची सवय. आमच्या घरात बुद्धाची एक वीतभर मूर्ती आहे, तिच्यासमोर रोज एक ताजं फूल ठेवायचं आणि वंदना म्हणायची, हा त्यांचा नेम. तिसऱ्या दिवशी ते हळूहळू जिना उतरून अंगणात गेले. मी वरून ऐकत होते.

"आपा, चाफ्याचं एक घेऊ का? वर बुद्धासमोर ठेवायचंय."

मी डोक्यावर हात मारला. म्हटलं आता ह्या म्हाताऱ्याचा अपमान होणार.

"फुकट न्हाय," आपा म्हणाल्या.

माझं रक्त तापलं. मी जिन्याकडं धावलेच. तेवढ्यात आपा पुढं म्हणाल्या, "उसनं घ्यायचं. उद्या ह्येच फूल परत आणून द्यायचं."

"सुकलेलं?"

"सुकलेलं तर सुकलेलं. माझ्या झाडाचं हाय, झाडाखाली पडलं पायजे."

दादा इतके हसले की त्यांना खोकला लागला. त्या दिवसापासून हा व्यवहार रोजचा झाला. दादा सकाळी कालचं कोमेजलेलं फूल घेऊन खाली जायचे, "ह्ये घ्या तुमचं," म्हणायचे. आपा ते झाडाच्या बुंध्याशी टाकायच्या आणि एक ताजं तोडून हातावर ठेवायच्या, "उद्या परत." मग दोघं ओट्यावर बसून भांडायचे. भांडणाचा विषय एकच. दादा म्हणायचे, "आपा, फूल वाहताना आमच्यात म्हणतेत की ह्ये जसं सुकतंय तसं ह्ये शरीरबी सुकणार हाय. आता तुमचं फूल सुकतच न्हाय, ते वाहून म्या काय म्हणू?"

"म्हणा, ह्या आपानं तुम्हाला खोटं पाडलं."

"म्या खोटा पडीन हो. पण तसं असतं तर ह्या झाडाचं एखादं डब्यात घातलं असतं की तुम्ही. का न्हाय घातलं?"

आपांनी लवंग दुसऱ्या दाढेत सरकवली. हा प्रश्न मला इतक्या वर्षांत विचारता आला नव्हता, तो दादांनी महिन्याभरात विचारला.

पावसाळा कोरडाच सरला, दादांचा दम वाढत गेला. जिना उतरायला त्यांना आता फार वेळ लागायचा. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची. मी लॅबला जायला निघालेली असायची आणि त्यांचा तो फुटका श्वास ऐकत दारात अडकून राहायची. मी आणून देते म्हटलं तर ऐकायचे नाहीत. खाली आपा खराटा घेऊन झाडलेलंच अंगण पुन्हा झाडत असायच्या, डोळे जिन्याकडं. एक दिवस जिन्याच्या वळणावर एक स्टूल येऊन बसलं. लोकांना घाम फुटायचा तेच स्टूल. दादा त्यावर टेकायचे आणि मग उरलेल्या पायऱ्या उतरायचे.

शेवटी आपाच न राहवून म्हणाल्या, "भाऊ, एक चाफा मी वाळवून देते तुम्हाला. ह्या झाडाचा. आजवर कुणाला दिला न्हाय. मूर्तीम्होरं ठेवा, जसाच्या तसा ऱ्हाईल. रोज जिना उतरायला नको."

मी तिथंच होते. मला ही गोष्ट केवढी मोठी आहे ते कळत होतं. मी मनातून म्हणत होते, हो म्हणा, दादा, हो म्हणा.

दादा धाप खाली बसेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "मग म्या सकाळी उठू कशाला?"

आपा खराटा उचलून परत झाडायला लागल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

ती सकाळ इतर सकाळींसारखीच होती. मी पहाटे लॅबला निघाले तेव्हा दादा तोंड धूत होते. नंतर त्यांनी जिना उतरून फूल बदलून आणलं, मूर्तीसमोर ठेवलं आणि खुर्चीत बसले. खाली आपांना वंदना म्हणतानाचा नेहमीचा खोकला ऐकू आला नाही म्हणून त्या वर गेल्या. मला त्यांचा फोन आला. "घरी ये," एवढंच म्हणाल्या. मला सगळं तिथंच समजलं.

काका येडशीहून गाडी घेऊन आले. दादांना गावीच न्यायचं होतं. वर माणसांची गर्दी, कुणी चादर मागतंय, कुणी दोरी. मी त्या गर्दीत कोपऱ्यातल्या मूर्तीसमोर उभी होते. तिथं चाफ्याचं फूल होतं, पांढरंशुभ्र, मधे पिवळं, देठाला अजून चीक ओला. दादांच्या हातानं काही तासांपूर्वी ठेवलेलं. त्यांचं दुसरं काहीच मला नको होतं. घड्याळ नको, कोट नको, ते फूल हवं होतं. चाफ्याला बोट लागलं की तो काळा पडतो, म्हणून मी ते कागदावर घेतलं आणि माणसांतून वाट काढत खाली गेले.

आपा जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

"आपा, हे ठेवून घ्या. वाळवा."

त्यांनी फुलाकडं बघितलं. हात पुढं केला नाही. "न्हाय वाळवणार," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्यांना कळलं नाही. "दादांचं फूल आहे. सकाळचं."

"हौ, माहीत हाय. मीच दिलंय. ते उसनं हाय. परत द्यायचं हाय त्यांनी."

"कोण देणार परत? आपा, ते गेले!"

"तू दे."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. काका हाका मारत होते. माझ्या अंगाची आग झाली. जगातल्या कुणाकुणाच्या फुलांसाठी या बाईनं वाळू भाजली, गजरे वाळवले, झेंडू वाळवले, आणि माझ्या बापाच्या वेळी ही हिशेबाला बसली? मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं मला आठवतं, इथं लिहिण्यासारखं नाही. जिन्यावरची माणसं थांबून बघू लागली. आपा मान खाली घालून ऐकत होत्या, पण हात काही पुढं आला नाही. "भाऊ न्हाय म्हणाले हुते," एवढंच पुटपुटल्या. मी ते फूल कागदासकट माझ्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि गाडीत जाऊन बसले. सगळी वाट एक हात दादांच्या चादरीवर होता आणि दुसरा डब्यावर.

येडशीला काकांच्या घराचं बांधकाम चालू होतं, दारात वाळूचा ढीग पडलेला. दादांना निरोप देऊन आल्यावर लोक पांगले, तेव्हा मी पिठाची चाळणी घेतली आणि त्या ढिगाशी जाऊन बसले. वाळू भाजायला हवी हे मला ठाऊक होतं. एवढी वर्षं आपांच्या घरात त्या भाजक्या वाळूच्या वासात काढली होती मी. आम्ही सुतक मानत नाही, पण त्या दिवशी कुणाच्या घरात चूल पेटते? भाकरीसुद्धा शेजारून आली होती. मेलेल्या माणसाच्या घरात वाळू भाजायला कढई मागायची कुणाला, आणि मागून सांगायचं काय? मी वाळू हातानं चाचपली, कोरडी वाटली. डब्यात थर दिला, फूल उभं केलं, आणि आपांसारखा श्वास रोखून चमच्यानं कण सोडत राहिले. काकू दारातून बघत होती. तिला वाटलं माझं डोकं फिरलं.

दादांच्या पुण्यानुमोदनाचा, स्मरणवंदनेचा कार्यक्रम होईपर्यंत मी गावी राहिले. डबा उशाशी. रोज वाटायचं उघडावा, रोज हात मागं घ्यायची. शेवटी धाराशिवला परत आले त्या सकाळी, वरच्या खोलीत, दादांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसून मी वाळू ओतली. आधी वास आला. मग फूल दिसलं. एका बाजूच्या पाकळ्या तपकिरी झाल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूच्या काळ्या, चिकट. नखानं टिचकवायची सोयच नव्हती, नख लावलं तिथं पाकळी बोटाला लागून आली. माझ्या बापाचं फूल मी माझ्या हातानं कुजवलं होतं, आणि त्याला जबाबदार ती खालची म्हातारी होती. मी ते फूल ओंजळीत घेतलं आणि तिला दाखवायलाच जिना उतरले. वळणावरचं स्टूल अजून तिथंच होतं.

आपा चाफ्याखाली उभ्या होत्या, हातात खराटा. अंगण झाडलेलं होतं.

"बघा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा सारखा केला, वाकून बघितलं. "वाळू भाजली न्हाईस."

"तुम्ही वाळवलं असतं तर पांढरं राहिलं असतं."

"ऱ्हायलं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "चाफा अवघड असतोय, पण ऱ्हायलं असतं. मला येतंय ते."

"मग का नाही?"

आपांनी खराटा झाडाला टेकवला. "अम्मीच्या टायमाला मीबी हीच वाळू घेऊन बसले हुते. तिच्या कबरीवरचं फूल वाळवायला. माझा धाकटा भाऊ म्हणाला, आपा, ते झाड तिथं रोज फुलतंय, तू एका फुलाला धरून बसणार का? तवा फांदी आणली. लोकांचं मला कळत न्हाय, त्यांना पायजे ते मी देते. पण तुझ्या बापानं मला तोंडावर सांगितलं हुतं की वाळलेलं फूल दिलं तर म्या उठू कशाला. तू त्या दिवशी ऐकायच्या तयारीत नव्हतीस, पोरी. आणि मलाबी सांगता येईना. माझाबी रोजचा माणूस गेला हुता."

राग अजून होता, पण त्याला धरायला जागा सापडेना. मी ओंजळ पुढं केली. तोंडातून शब्द दादांचेच आले. "हे घ्या तुमचं."

आपांनी ते काळं, चिकट फूल दोन्ही हातांनी घेतलं, खाली बसल्या आणि बुंध्याशी, इतर गळालेल्या फुलांमध्ये ठेवलं. मला हुंदका आला. इतक्या वर्षांची सवय, मी तोंड दाबून ओट्याकडं वळले. मागून आपांनी माझं मनगट धरलं.

"कुठं चाललीस? इथं रड. इथं माती हाय."

मी झाडाखाली बसून रडले. येडशीला रडले नव्हते तेवढं रडले. आपा शेजारी बसून होत्या, त्यांची ओढणीही भिजली होती, चष्मा हातात होता. बऱ्याच वेळानं त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, एक ताजं फूल तोडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"उद्या परत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लॅबला निघायच्या आधी मी जिना उतरले. अंगणात अजून अंधुक होतं, आणि खराट्याचा आवाज येत होता.